दशरथ घाडी आणि कोकमाचा रंग

दशरथ घाडीला रंगातलं सगळं कळत होतं. हे तो स्वतःच सांगायचा आणि कुणी न विचारता सांगायचा. त्याची बायको शेवंती हिने लग्नानंतरच्या चोवीस वर्षांत हे इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याने घसा खाकरला तरी ती भांडी आदळायला लागायची. परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात त्याने बावीस वर्षं काढली. मग ब्याऐंशीचा संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते त्याच्यासाठी काही पुन्हा उघडलं नाही. लालबागची खोली गेली, आणि मुलगी शकु लग्न होऊन मुलुंडला गेल्यावर ही दोघं चारकोपच्या सेक्टरात पत्र्याच्या एका खोलीत राहायला आली. रंगखातं सुटलं, पण रंगातलं कळणं काही सुटलं नाही. ते दशरथबरोबर घरात बसून राहिलं.

तसं त्याने कामं धरून पाहिली. वॉचमन झाला, तिथे सुपरवायझरने ‘ए म्हाताऱ्या’ म्हटलं म्हणून शिट्टी टेबलावर ठेवून घरी आला. मालाडच्या एका पेंटच्या दुकानात लागला. तिथे तर त्याने कहरच केला. गिऱ्हाईक हिरवा रंग मागायला आलं की हा त्याला तो रंग भिंतीला कसा शोभणार नाही ते समजावून परत पाठवायचा. मालकाने अकराव्या दिवशी हात जोडले.

तोवर घर शेवंतीच चालवत होती. कांदिवलीच्या चार बिल्डिंगांमधली धुणीभांडी. दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या चादरी पिळल्या, आणि एका घरात तिला पाणी प्यायला वेगळा कप होता, हे ती कधी विसरली नाही. तिथून तिला सोडवलं ते कोकमाने. कणकवलीजवळच्या गावाहून तिचा भाऊ धोंडू मे महिन्यात रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या ओल्या फळांच्या, करंड्या एस.टी.च्या टपावर टाकून पाठवायचा. शेवंती ते फोडायची, बिया काढायची, सालांच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरण्यांत रचायची आणि तोंडाला फडकं बांधून आठवडाभर उन्हात ठेवायची. साखर विरघळून खाली जो लालभडक रस जमायचा तो गाळून, मीठ-जिऱ्याची पूड घालून बाटल्यांत भरला की झालं अमृतकोकम. मालाड स्टेशनजवळच्या किराणा दुकानाचे चंद्रप्रकाश शेठ यांनी एक ग्लास पिऊन पाहिला आणि पंच्याऐंशीच्या जूनमध्ये आपल्या दुकानाच्या मांडणीतला अख्खा खण तिला दिला. शेवंतीने त्याच आठवड्यात चारही घरांची कामं सोडली. वेगळ्या कपवाल्या बाईंना तर तिने मुद्दाम जाऊन सांगितलं.

आणि दिवाळीत बाटल्या परत आल्या.

‘‘बेन, हे काय?’’ चंद्रप्रकाश शेठनी एक बाटली उजेडात धरली. जूनमध्ये जास्वंदीसारखी लाल होती ती आता थेट कोऱ्या चहासारखी तपकिरी झाली होती. ‘‘चव एकदम बरोबर आहे, मी चाखली. पण गिऱ्हाईक जिभेने नाय घेत ना, डोळ्याने घेते. जुना माल समजतात. पुढच्या सीझनला दिवाळीपर्यंत लाल राहिला तर खण तुमचा. नाय तर दुसऱ्याला देतो. नाय तर मग सगळे करतात तसं करा, रंगाची पुडी येते, एक चिमूट टाका.’’

शेवंती बाटल्यांची पिशवी घेऊन घरी आली. पुडी तिला टाकायची नव्हती. तिच्या आईने कधी टाकली नव्हती, आणि कोकमात रंग घालायचा म्हणजे मिठात खारटपणा घालण्यासारखं आहे, असं तिचं म्हणणं होतं. पण खण गेला तर पुन्हा त्या चार बिल्डिंगा होत्या. ती डोक्याला हात लावून बसली, आणि तिला अपेक्षा नसताना दशरथ उठून उभा राहिला. चार वर्षांत तो इतक्या झटकन उठला नव्हता.

‘‘रंग उतारलो?’’ त्याने बाटली हातात घेतली. ‘‘कच्चो ऱ्हवलो असतलो. पक्को करूक होयो. ता माझ्यार सोड.’’

इथेच तिने त्याला अडवायला हवं होतं. पण नवरा चार वर्षांनी काहीतरी करतो म्हणतोय तर करू दे, असा तिने विचार केला. बायका असे विचार करतात आणि मग वर्षभर निस्तरत बसतात.

दशरथचं शास्त्र सरळ होतं. रंग म्हणजे रंग, कापडावरचा काय आणि कोकमातला काय. कापडाला वाफ दिल्याशिवाय रंग बसत नाही, म्हणून त्याने परत आलेल्या बाटल्यांबरोबर घरी ठेवलेल्या शेवटच्या दोन लाल बाटल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ओतल्या आणि तासभर रटारटा उकळल्या. त्याचं गुळाचं पाणी झालं. पुढच्या आठवड्यात त्याने घरातली सोलं भिजवून त्या पाण्यात तुरटी घातली, कारण तुरटीने रंग धरतो. रंग धरला की नाही देव जाणे, पण शेवंतीने घोट घेतला आणि तिची जीभ संध्याकाळपर्यंत टाळूला चिकटून राहिली. ती बोलू शकत नव्हती, ही दशरथची चंगळच झाली. त्याने तिला दोन तास तुरटीचे प्रकार समजावून सांगितले.

‘‘ह्या खावचा आसा, नेसूचा नाय,’’ जीभ सुटल्यावर ती ओरडली. ‘‘परत माझ्या सोलांक हात लावलास तर बघा!’’

मे आला. धोंडूने चार करंड्या पाठवल्या. शेवंतीने तीन मोठ्या बरण्या भरल्या, आठवडाभर ऊन दाखवलं, आणि सकाळी बरण्यांच्या तळाशी तो रस पाहिला तेव्हा तिला बरं वाटलं. त्या लाल रंगाकडे पाहिलं की तिला नेहमीच बरं वाटायचं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. शेठना माल तयार आहे असं सांगायला ती मालाडला गेली. जाताना दशरथला बजावून गेली, की बरण्यांवर मांजर येऊ नये, एवढंच पाहायचं.

मांजर परवडलं असतं.

ती परत आली तर ओट्यावर धुण्याच्या सोड्याचं पाकीट फोडलेलं, आणि एका बरणीसमोर दशरथ मांडी घालून बसलेला. बरणीतला रस निळा होता. निळासुद्धा नाही, वरून निळा, खाली हिरवट काळा, गटाराच्या पाण्यावर तेल तरंगतं तसला काहीतरी.

‘‘काय करून ठेवलास ह्या?’’

‘‘सोडो घातलंय.’’ दशरथचा आवाज अगदी बारीक होता. ‘‘सोड्याशिवाय रंग बसणा नाय गो. सुती कापडाक सोडोच लागता. पयलो चमचो टाकलंय, नुसता फसफसला. म्हटलं, कमी पडलो. म्हणान मूठभर…’’

‘‘मूठभर!’’

‘‘आणि तो निळो झालो.’’ तो बरणीकडे असा पाहत होता, जणू बावीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाने रस्त्यात तोंड फिरवलं होतं. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं. ‘‘थांब. आंबट कमी झाला असतला.’’ आणि शेवंती ‘अहो, नको’ म्हणेपर्यंत त्याने कोपऱ्यातल्या टोपलीतली पाच लिंबं कापून बरणीत पिळली.

जे उसळलं ते विचारू नका. फेस बरणीच्या तोंडातून वर आला, खाली उतरला, ओट्यावरून जमिनीवर आला, तांदळाच्या डब्याखाली शिरला. शेवंती फडकं घेऊन धावली. आणि त्या फेसात गुडघ्यापर्यंत बरबटलेला दशरथ आनंदाने ओरडत होता, ‘‘बघ! बघ गो! लाल झालो! परत इलो!’’

खरंच रस लाल झाला होता. गढूळ, पण लाल. शेवंतीने बोट बुडवून चाखला. साबणाच्या पाण्यात मीठ टाकावं तशी चव. तिने अख्खी बरणी उचलली आणि बाहेरच्या गटारात ओतली. शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. गटार लाल वाहत गेलं.

‘‘तीनातली एक गेली,’’ आत येऊन ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि दशरथला त्याचीच भीती वाटली. ‘‘दोन उरल्यात. त्याव दिवाळीपर्यंत तपकिरी झाल्या की मी परत भांडी घासूक जातलंय. तुमका काय, तुमी हयच बसून रंगाचा सांगतलास. मी थकलंय. तुमच्या त्या रंगाक थकलंय.’’

आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. दशरथ उंबऱ्यावर बसून राहिला. जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा, पुन्हा बसायचा. तो गप्प होता, आणि शेवंतीला वाटलं होतं तेवढं काही ते सुखाचं नव्हतं.

समोरच्या खोलीत कमल साळवे राहायची. मूळची परभणीकडची, नवरा बेस्टमध्ये, आणि ही चारकोपच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. गटार लाल वाहिल्यापासून तिला राहवत नव्हतं. एका सुट्टीच्या सकाळी ती वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आली आणि सगळी हकिगत काढून घेतली.

‘‘पण वहिनी, तुम्ही पांढऱ्या बाटलीत भरताच कशाला?’’ ती म्हणाली. ‘‘आमच्याकडं सिरप असतं ना, ते सगळं तपकिरी काचेत. उजेड लागला की औषध उतरतं म्हणतात साहेब. आणि बाटली गळ्यापर्यंत भरायची, आत हवा ठेवायची नाही. गारव्याला ठेवायचं. एवढंच तर आहे. त्यात सोडा कुठून आला यार?’’

उंबऱ्यावरून दशरथने मान वळवली. ‘‘उजेड?’’

‘‘उजेड, दादा. ऊन. शेठचं दुकान कुठल्या तोंडाला आहे?’’

दुकानाचं तोंड पश्चिमेला होतं. दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत ऊन थेट त्या खणावर यायचं, आणि शेठने गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून शेवंतीच्या बाटल्या मुद्दाम पुढच्या रांगेत लावल्या होत्या.

कमल गेल्यावर दशरथ उंबऱ्यावरून उठून आत आला. मग शेवंतीकडे न बघता बोलायला लागला. दुकानांच्या काचेत लावलेलं कापड घडीवर विटायचं, तो म्हणाला. आतलं थान झकास, आणि घडीची कड पांढरी. पार्टी ते थान गिरणीत परत पाठवायची. मग रंगखात्याचा मास्तर सगळ्यांना रांगेत उभं करायचा, की कुणी रंग कच्चा ठेवला? कुणाच्या हातून चुकलं? ‘‘बावीस वर्सां मी खाली मान घालून ऐकलंय. माका खरा वाटा, की रंग गेलो म्हणजे माझ्याच हातात कायतरी खोट आसा. उन्हाचा नाव कोणी घेतल्यान नाय.’’ त्याने स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. ‘‘गिरण गेली तेव्हाय माका तसाच वाटला.’’

शेवंती कणीक मळत होती. हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. चोवीस वर्षं रंगाबद्दल बडबडणाऱ्या या माणसाने नेमकं हेच तेवढं सांगितलं नव्हतं, आणि तिला त्याचा पुन्हा राग आला, पण हा राग वेगळा होता. ‘‘मग आता काय करूचा ता सांगा,’’ ती म्हणाली. आठ दिवसांनंतरचं तिचं ते पहिलं वाक्य होतं.

त्याने तीन बाटल्या मागितल्या. तिने दहा वेळा कुरकुर करून दिल्या. एक पत्र्यावर उघडी ठेवली, दुसरी तिच्याच शेजारी कागदात गुंडाळून, तिसरी घरात माठाच्या मागे अंधारात. मे महिन्याचं चारकोपचं ऊन म्हणजे काही खेळ नाही. पंधरा दिवसांत उघडी बाटली चहाकडे झुकली. कागदातली थोडी फिकट झाली, कारण पत्रा तापत होता. माठामागची जशीच्या तशी लाल होती. दशरथने तिन्ही बाटल्या रांगेत मांडल्या, हात मागे बांधले आणि उभा राहून पाहिल्या. त्याने भाषण केलं नाही, हे शेवंतीने लक्षात ठेवलं.

तपकिरी बाटल्यांचं मात्र जमेना. नव्या घ्यायच्या तर काचवाला शंभर डझनांखाली बोलत नव्हता, आणि भंगारवाल्याकडच्या तपकिरी बाटल्या सगळ्या बिअरच्या. ‘‘दारवेच्या बाटलीत माझा कोकम?’’ शेवंती एवढंच म्हणाली आणि तो विषय संपला. शेवटी पांढऱ्याच बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, आणि प्रत्येकीला जाड खाकी कागद. गुंडाळण्याचं काम दशरथने घेतलं. कापडाचं थान गुंडाळतात तशा घड्या घालून, कडा आत दुमडून, तो दिवसाला वीस बाटल्या गुंडाळायचा आणि एक कड वाकडी गेली की पुन्हा सोडायचा. ते पाहून शेवंतीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि एवढं करून शेठ म्हणाले, नको.

‘‘बेन, कागदातली बाटली? लोकांना वाटेल मी चोरून दारू विकतो. आणि लाल दिसतच नाय तर घेणार कोण? रंग टिकला काय, उडाला काय, दिसायला नको?’’

शेवंतीला दुकानातच खाली बसावंसं वाटलं. उघडी ठेवावी तर रंग जातो, झाकून ठेवावी तर माल जात नाही. माणसाने करायचं काय? ती घरी येऊन दशरथवर सगळं ओकली, आणि दुसऱ्या दिवशी दशरथने धुतलेला शर्ट घातला. त्या पेंटच्या दुकानानंतर तो कुठल्याही शेठसमोर आपणहून उभा राहिला नव्हता. दारात दोनदा थांबला, दोनदा चप्पल काढली, दोनदा घातली. शेवंती ‘चला एकदाचे’ म्हणत त्याला ढकलत स्टॉपवर घेऊन गेली.

दुकानात त्याने शेठना एकच सांगितलं. खणात एक बाटली उघडी ठेवा, दाखवायला. ती उतरायच्या आत दर शनिवारी मी येऊन बदलीन. बाकीच्या कागदात, खालच्या फळीवर, उन्हाच्या आड. ‘‘तुमका कायच करूचा नाय, शेठ. रंगाची जबाबदारी माझी.’’ शेठनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मान डोलावली. दिवाळीपर्यंत, म्हणाले. बघू.

जून ते ऑक्टोबर दशरथने एक शनिवार चुकवला नाही. पावसाने चारकोपचा रस्ता तुंबला तेव्हाही पिशवी डोक्यावर धरून गेला. ताजी बाटली ठेवायचा, आठवड्याची उतरत चाललेली घरी आणायचा आणि वाया जाऊ नये म्हणून ते कोकम स्वतः प्यायचा. वीस आठवडे. त्याची आम्लपित्ताची तक्रार होती ती वाढली, आणि तीही शेवंतीलाच ऐकावी लागली.

धनत्रयोदशीला दोघं मिळून दुकानात गेली. शेठनी खालच्या फळीवरची जूनमधली बाटली काढली, स्वतःच्या हाताने कागद सोडला आणि बाटली उजेडात धरली. लाल. थोडासा काळसर म्हणावा, पण लाल. ‘‘वा! जूनचा माल, आणि अजून लाल!’’ चंद्रप्रकाश शेठ म्हणाले.

तेवढ्यात शेजारी उटण्याचं सामान घेत असलेल्या एका काकूंनी मान लांब केली. नाकात नथ, हातात कापडी पिशवी, बोलण्यात गाव. ‘‘ह्या जूनमधला? पाच महिन्यांनी एवढो लाल?’’ त्या हसल्या. ‘‘माका नको शिकवू. मी मालवणची. कोकम असो ऱ्हवणा नाय. पुडी टाकल्यानी.’’

शेठचा चेहरा उतरला. त्यांनी बाटली खाली ठेवली आणि शेवंतीकडे पाहिलं. ‘‘बेन, खरं सांगा. मीच पुडीचं बोललो होतो. टाकली असेल तर सांगा.’’

तपकिरी झालं तर जुनं, आणि लाल राहिलं तर खोटं! शेवंतीने दशरथकडे पाहिलं. आता तरी हा बोलेल, ऊन, हवा, कागद, सगळं सांगेल. पण दशरथची मान खाली गेली होती. दोन्ही हात पँटच्या शिवणीला लावून, मास्तरसमोर रांगेत उभं राहावं तसा तो उभा होता. आणि ते पाहून शेवंतीचं डोकं असं काही सटकलं, की अर्ध्या दुकानाचं बोलणं थांबलं.

‘‘ओ बाय!’’ ती काकूंच्या समोर जाऊन उभी राहिली. ‘‘चोवीस वर्सां मी ह्या माणसाबरोबर काढलंय. ह्येनी रंगाच्या नावान माझा जीव खाल्लो. माझी अख्खी बरणी गटारात घातली. माका चिडवून चिडवून वेडा करून सोडल्यानी! पण खोटो रंग ह्येच्या हातान कधी लागलो नाय, कापडाक नाय आणि कोकमाक नाय. वीस शनिवार हो माणूस पावसात हय इलोसा, रंग सांभाळूक. माझ्या घोवान राखलेलो रंग आसा तो. होयो तर घेवा, नको तर जावा, पण पुडी म्हणू नकास!’’

काकूंनी पिशवीचं तोंड उघडलं. मग म्हणाल्या, ‘‘घोव नशीबवान आसा तुझो,’’ आणि दोन बाटल्या पिशवीत टाकल्या. चंद्रप्रकाश शेठ घाईघाईने म्हणाले की खण तुमचाच, पुढच्या वर्षी खालची फळीसुद्धा तुमची. शेवंतीचे कान तापले होते आणि आपण भर दुकानात काय बोललो, हे आता कुठे तिच्या ध्यानात येत होतं.

बाहेर स्टॉपवर चारकोपच्या बसला ही गर्दी. कंदील, फटाके, रांगोळीच्या पुड्या घेतलेली माणसं. दशरथ खांबाकडे तोंड करून उभा होता आणि शर्टाच्या बाहीने पुन्हा पुन्हा डोळे पुसत होता.

‘‘रडतास कित्याक?’’ शेवंती वैतागून म्हणाली. ‘‘लोक बघतत.’’

आणि लोकांना दिसू नये म्हणून पदर सावरून त्याच्यापुढे आडवी उभी राहिली.